आधी ओढा, मग आराखडा

पुण्यात रिक्षावाल्याला ‘डीपी रोडला चला’ म्हटले की तो आधी विचारतो, ‘कुठला? म्हात्रे पुलाजवळचा, कोथरूडचा की औंधचा?’ लग्नपत्रिकांवर, कुरिअरच्या पाकिटांवर, हॉटेलांच्या पाट्यांवर हा पत्ता रोज छापला जातो. पण डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, विकास आराखडा, आणि कुणीतरी कधीकाळी कागदावर ओढलेल्या दोन रेघांचा हा रस्ता झाला, हे पत्ता सांगणाऱ्याच्या गावीही नसते. याच शहराच्या 1987च्या आराखड्यात आणखी एक रस्ता होता. शहराला वळसा घालणारा, सुमारे 36 किलोमीटरचा, एचसीएमटीआर नावाचा. तो कागदावरून खाली उतरलाच नाही.

एका रेघेचा पत्ता झाला आणि दुसरी रेघच राहिली, असे का? नगररचना शिकवायला नव्याने उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकाने पहिल्या तासाला हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि उत्तर मात्र देऊ नये. सत्र संपेपर्यंत मुलांना ते स्वतः शोधता आले पाहिजे.

बी. प्लॅनिंगला मुले जेईई मेनच्या 2बी पेपरमधून येतात. एम. प्लॅनच्या वर्गात आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनिअर, भूगोलाचे आणि अर्थशास्त्राचे पदवीधर एका बाकावर बसतात. पुण्याचे सीओईपी असो की नागपूरचे व्हीएनआयटी, शिक्षकापुढची अडचण थोड्याफार फरकाने सारखीच असते. आर्किटेक्टला शीट देखणे करता येते, पण सातबारा वाचता येत नाही. इंजिनिअरला गटाराचा उतार कळतो, पण गटारावर फळी टाकून बसलेल्या भाजीवालीचे काय करायचे ते कळत नाही. अर्थशास्त्रवाल्याला दोन्ही कळते, पण स्केल धरता येत नाही.

या मुलांची गरज मात्र मोठी आहे. नगरनियोजनाच्या क्षमतेवर नीती आयोगाने 2021मध्ये एक अहवाल काढला. राज्यांच्या नगररचना खात्यांत बारा हजारांवर नियोजनकार हवेत, मंजूर पदे चार हजारही नाहीत आणि त्यातलीही निम्मी रिकामी, असे त्यात नोंदवले आहे. म्हणजे वर्गातली जी मुले या खात्यांत जातील, त्यांच्या एकेकाच्या टेबलावर पाच-सहा जणांचे काम येणार. त्यांना देखण्या शीटपेक्षा चटकन आणि नेमके पाहण्याची सवय जास्त उपयोगी पडेल.

पायी फिरणारा प्राध्यापक

पाहण्याची ही सवय लावण्याचा धडा मुंबईत शंभर वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे. नगररचना विद्यापीठात शिकवण्याची सुरुवात इंग्लंडात लिव्हरपूलला 1909 साली झाली. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1919मध्ये, मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग काढला आणि त्यावर पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाला नेमले. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. 1914पासून ते हिंदुस्थानात गावोगाव हिंडत होते. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी लिहिलेला अहवाल 1918मध्ये दोन खंडांत निघाला. 1924मध्ये त्यांच्यामागे विभागाची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली.

गेडिस यांचा आग्रह साधा होता: आधी पाहणी, मग योजना. त्या काळी प्लेगच्या भीतीने जुन्या पेठा सरसकट पाडून त्यांतून सरळ रुंद रस्ते काढण्याची टूम निघाली होती. गेडिस गल्ली-बोळ पायी फिरत. कुठले पडके घर काढले तर हवा खेळेल, कुठली विहीर आणि कुठले झाड वाचवता येईल, हे पाहत. एखाद-दुसरे घर हलवून बाकीची वस्ती आहे तिथे ठेवता येते आणि खर्चही कमी येतो, असे ते मांडत. वैद्याने नाडी न पाहता कापाकापी करू नये, तसलाच हा प्रकार. आजच्या शिक्षकाने त्यांच्यावर एक तास व्याख्यान द्यायला हरकत नाही, पण त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्ग रस्त्यावर न्यावा.

सत्रभर एकच जागा

नव्या शिक्षकाची नेहमीची चूक म्हणजे फार मोठी जागा निवडणे. अख्खे शहर घेतले की मुले इंटरनेटवरून आकडे उतरवतात आणि जगातल्या कुठल्याही शहराला लागू पडतील असे प्रस्ताव आणतात. जागा इतकीच असावी की एका सकाळी पायी संपेल, आणि इतकी गुंतागुंतीची असावी की सत्र पुरणार नाही.

पुण्यातल्या वर्गासाठी आंबील ओढा घ्यावा. कात्रजच्या बाजूने निघून पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल असा शहराच्या दक्षिण भागातून तो मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी भुयारी नळाने शनिवारवाड्याकडे आणले गेले. पर्वतीच्या पायथ्याशी ओढा अडवून तळे झाले, त्याच तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री या ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी भागात पाणी घरांत शिरले, भिंत कोसळली, माणसे गेली. 2021च्या जूनमध्ये दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरे ओढ्याच्या कामासाठी पाडली गेली आणि वाद कोर्टात गेला. पाणी, जमीन, घरे, इतिहास, कायदा आणि राजकारण, सगळे एका ओढ्याच्या काठाने सापडते. आराखड्याच्या शीटवर मात्र तो एक बारीक निळी रेघ आहे.

नागपूरच्या वर्गाला नाग नदी आहे, मुंबईच्या वर्गाला मिठी. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी कुठून कुठे वाहते, हे अनेक मुंबईकरांना पहिल्यांदाच कळले. गाव लहान असेल तर आठवडी बाजाराचे मैदान किंवा एसटी स्टँडचा परिसरही पुरतो.

पहिली फेरी टेप घेऊन

पहिल्या फेरीला लॅपटॉप नको. तिघांचा एक गट करावा: दोघांकडे टेप, तिसऱ्याकडे वही. काम एकच, दर दहा मीटरवर फुटपाथची चालण्याजोगी मोकळी रुंदी मोजायची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 103 या मार्गदर्शिकेत ती किमान 1.8 मीटर सांगितली आहे.

मोजताना काय होते ते पाहण्यासारखे असते. सुरुवातीला टेप दोन मीटर दाखवते. पुढे गुलमोहराचा बुंधा आणि त्याभोवतीचा कट्टा. मग विजेचा करड्या रंगाचा लोखंडी खोका. त्यालाही लोक ‘डीपी’च म्हणतात आणि वहीवाल्याच्या ते लगेच ध्यानात येते. मग दुकानाच्या दोन पायऱ्या, मग तिरकी लावलेली स्कूटर. वहीत आकडे उतरतात: 2.0, 1.1, 0.7, 0.4, शून्य. शून्याशी एक आजी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते, फुटपाथवरून रस्त्यावर उतरते, मागून येणाऱ्या बसकडे बघते आणि पुन्हा वर चढते. टेप धरणाऱ्या मुलीने हे एकदा पाहिले की ‘पादचारी सुविधा’ हा शब्द ती शीटवर सहज टाकू शकत नाही.

दुसरी फेरी पावसात काढावी, तिसरी रात्री. रात्री कुठल्या पुलावर दिवा नाही, कुठल्या बोळातून बायका जायचे टाळतात, हे दिवसाच्या पाहणीत येत नाही.

याच टप्प्यावर केव्हिन लिंच वर्गात आणावेत. 1960च्या त्यांच्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ या पुस्तकात बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांच्या मनातले शहर त्यांनी मांडले आणि त्यातून वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणा अशी पाच अंगे सांगितली. मुलांना या व्याख्या पाठ करायला लावू नयेत. ओढ्याकाठचा चहावाला, शाळेतली मुलगी आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांना कोरा कागद देऊन ‘तुमच्या घरापासून बसस्टॉपपर्यंतचा नकाशा काढा’ म्हणावे. चहावाल्याच्या नकाशात ओढा मधोमध येतो, सेक्रेटरींच्या नकाशात कदाचित येतच नाही. ही तफावत शीटवर मांडली की लिंच आपोआप समजतात.

सरकारी कागद उघडायला शिकवणे

मुलांना ‘गुगल मॅप’ येतो, ‘झोन दाखला’ म्हणजे काय ते माहीत नसते. म्हणून तिसऱ्या महिन्यात कागद उघडावेत. मंजूर आराखड्याची त्या भागाची शीट, नियमावलीची प्रत, सिटी सर्व्हेचा उतारा आणि सातबारा, एवढे जमवण्याचे काम मुलांनाच द्यावे. महापालिकेच्या कुठल्या मजल्यावर कुठला कागद मिळतो आणि कुठला ‘साहेब आल्यावर’ मिळतो, हेही शिक्षणच. राज्याच्या बहुतेक भागांना डिसेंबर 2020पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, मुंबईची नियमावली वेगळी. हा फरक पहिल्याच तासाला सांगून टाकावा, नाहीतर मुले चुकीच्या पुस्तकातून हिशेब करत बसतात.

मग एक सोपे पण जिव्हारी लागणारे काम द्यावे. महाराष्ट्रात नद्यांसाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्या ओढ्याला अशी रेषा आखली आहे का, हे मुलांनी शोधावे. शिवाय काठावरच्या घरांत जाऊन विचारावे, ‘त्या रात्री पाणी कुठवर आले होते?’ लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. ती उंची टेपने मोजावी आणि नकाशावर उतरवावी. लोकांच्या बोटाने काढलेली रेषा आणि कागदावरची रेषा शेजारी शेजारी ठेवली की पुढचा महिनाभर पुरेल इतका वाद वर्गात आपसूक होतो.

लोकसंख्येचे आकडे वापरताना सावधपणा शिकवावा. जनगणनेचे वॉर्डनिहाय आकडे 2011चे आहेत. मधल्या काळात बैठ्या घरांचे टॉवर झालेले असतात. नळजोड, शाळेचा पट, वीजमीटर यांवरून अंदाज बांधता येतो आणि तो अंदाज आहे असे शीटवर स्पष्ट लिहिता येते.

शाडू आणि कात्री

चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, हा नगररचनेतला सर्वांत जास्त बोलला जाणारा आणि सर्वांत कमी समजलेला शब्द. तो शाडूच्या मातीने शिकवावा. 25 बाय 40 मीटरचा भूखंड 1:500 प्रमाणात पुठ्ठ्यावर 5 बाय 8 सेंटिमीटरचा होतो. एफएसआय दोन असेल तर दोन हजार चौरस मीटर बांधकाम आले. मजला तीन मीटरचा धरला तर प्रत्येक गटाच्या वाट्याला 48 घनसेंटिमीटर शाडू येते. ती मोजून द्यावी आणि सांगावे की एक कणही वाढवायचा नाही, कमी करायचा नाही.

कुणी पूर्ण भूखंड झाकून दोन मजले करतो, कुणी अर्धा झाकून चार, कुणी पाव झाकून आठ. आकडा सगळ्यांचा एकच. पण सगळे पुठ्ठे रांगेने ठेवून वर टेबललॅम्प धरला, तर सावल्या वेगळ्या पडतात आणि मधली गल्ली कधी चौक होते, कधी बोळ. अर्बन डिझाइन म्हणजे काय, ते इथे कळते. नियमात आकडा बसला तरी रस्ता चांगला होईलच असे नाही.

नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, कात्रीने शिकवावी. मुंबई इलाख्यात हिचा कायदा 1915 सालचा. पद्धत अशी, की वेड्यावाकड्या तुकड्यांची जमीन एकत्र धरायची, त्यातून रस्ते, बाग, शाळा काढायच्या आणि प्रत्येक मालकाला लहान पण नीट आकाराचा भूखंड परत द्यायचा. बारा मुलांना बारा रंगांचे कागद द्यावेत, प्रत्येकावर गुंठे लिहून. चाळीस गुंठेवाल्याला चोवीस परत मिळणार, असा नियम घालावा. पहिल्या दहा मिनिटांत भांडण सुरू होते. ‘माझा तुकडा रस्त्यालगत होता, तो आत का गेला?’ हे भांडण शिक्षकाने सोडवू नये. पुढे गुजरातने ही पद्धत किती मोठ्या प्रमाणावर वापरली आणि महाराष्ट्र आराखड्यातल्या आरक्षणांवर का विसंबला, याची चर्चा त्या भांडणातूनच निघते. त्याच ओघात मगरपट्ट्याचे उदाहरण सांगावे. ती टीपी स्कीम नव्हे, पण तिथे शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून स्वतःच्या कंपनीमार्फत शहर उभे केले.

हरकती आणि सुनावणी

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, लोक हरकती-सूचना देतात आणि नियोजन समिती सुनावणी घेते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि त्यांच्या जोडीला जाणकार. हे फळ्यावर लिहून कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून चौथ्या महिन्यात वर्गातच सुनावणी भरवावी.

एक गट आपला प्रस्ताव मांडेल, तीन जण समिती होतील, बाकीच्यांना भूमिका: ओढ्याकाठच्या वस्तीतली भाडेकरू, भिंत पडलेल्या सोसायटीचे अध्यक्ष, काठावर जमीन असलेला मालक, पर्यावरणवाली कार्यकर्ती, पालिकेचा ड्रेनेज अभियंता. एकच अट ठेवावी. स्वतःच्या मताविरुद्धची भूमिका घ्यायची आणि हरकत लेखी, मराठीत, एका पानात द्यायची.

भाषेची अट महत्त्वाची आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत, शीट इंग्रजीत, पण सुनावणीला येणारा माणूस मराठी बोलतो. ‘इंटिग्रेटेड ब्लू-ग्रीन कॉरिडॉर’ असे शीटवर लिहिणाऱ्या मुलाला वस्तीतल्या मावशींना ते सांगता आले पाहिजे. ‘ओढ्याच्या दोन्ही बाजूंना इतके मीटर जागा मोकळी राहील, तिथे झाडे असतील, तुमचे घर त्यात येते’ असे सरळ वाक्य लिहायला त्याला तीनदा बसावे लागते. शेवटचा भाग तो आधी गाळतोच.

चुकीच्या पाहणीची किंमत सांगायला मुंबईचे उदाहरण पुरते. 2015मध्ये मुंबईचा नवा प्रारूप आराखडा आला. त्यातल्या नोंदींच्या चुकांवरून इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला 2018 उजाडले. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडाही हरकती, सरकारी समिती अशी वळणे घेत 2017मध्ये मंजूर झाला. फुटपाथ दर दहा मीटरवर का मोजायचा, असे मुलांनी विचारले तर त्यांना हे सांगावे.

‘घर मिळणार का?’

वस्तीत पाहणीला जाण्याआधी एक तास फक्त या प्रश्नासाठी राखावा. हातात वही, गळ्यात ओळखपत्र घेतलेली चार मुले दिसली की लोक विचारतातच, ‘सर्व्हे कशाचा? घर मिळणार का? की पाडणार?’ गोंधळलेली मुले ‘हो, होईल काहीतरी’ म्हणून मोकळी होतात आणि वस्तीत दोन दिवस अफवा फिरते. उत्तर आधीच घोकून घ्यावे: ‘आम्ही कॉलेजची मुले आहोत, शिकायला आलोय. यातून घर मिळणार नाही आणि जाणारही नाही. झालेले काम डिसेंबरात तुम्हाला दाखवायला आणू.’ मग डिसेंबरात खरोखर जावे. विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत. कुणाच्या घराचा क्रमांक, नाव शीटवर येऊ देऊ नये.

ज्युरी आणि मार्क

चोवीस मुलांची ज्युरी, म्हणजे पाहुण्या परीक्षकांपुढची तपासणी, एकेकट्याने, वीस-वीस मिनिटांची ठेवली तर आठ तास होतात. दुपारी चारनंतर येणाऱ्या मुलाच्या वाट्याला फक्त जांभया येतात. चौघांचे सहा गट करून प्रत्येकाला चाळीस मिनिटे दिली तर चार तासांत नीट चर्चा होते. ज्युरीवर एक डिझायनर, नगररचना विभागातून निवृत्त झालेले एक अधिकारी, समाजकार्य शिकवणारे एक आणि ओढ्याकाठी राहणारी एक व्यक्ती असावी. निवृत्त अधिकारी ‘हे कुठल्या कलमात बसवणार?’ विचारतात, रहिवासी ‘कचरागाडी कुठून येणार?’ विचारते. दुसऱ्या प्रश्नाला मुले जास्त घाबरतात.

गटात काम करताना एक जण राबतो आणि तिघे मार्क नेतात, ही तक्रार जुनी आहे. म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र पाहणी-वही तपासावी. शंभर मार्क असे वाटता येतील: वहीला 20, पाहणीच्या नकाशांना 20, प्रस्तावाला 25, सुनावणी आणि मराठी टिपणाला 20, रहिवाशांपुढच्या सादरीकरणाला 15. संगणकावरचे गुळगुळीत रेंडर बाराव्या आठवड्यापर्यंत बंद ठेवावे. क्यूजीआयएस हे नकाशाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते जरूर शिकवावे, पण टेपच्या फेरीनंतर. आधी शिकवले तर मुले ओढ्याकडे जातच नाहीत.

या पद्धतीत शिक्षकाचे काम वाढते. परवानगीची पत्रे लिहावी लागतात, पावसात उभे राहावे लागते, भांडणे ऐकावी लागतात. विभागप्रमुखांना ‘पोर्शन’ कधी संपणार, अशी चिंता लागते. त्यावर उपाय म्हणजे वेळापत्रक आधीच देऊन ठेवणे: जुलै-ऑगस्ट फेऱ्या, सप्टेंबर कागद, ऑक्टोबर शाडू, कात्री आणि सुनावणी, नोव्हेंबर प्रस्ताव, डिसेंबर वस्तीत सादरीकरण. सत्र जुलैत सुरू होते आणि ओढाही त्याच सुमाराला वाहू लागतो. दिवाळीपर्यंत तो पुन्हा बारीक होतो. म्हणून पहिली फेरी पहिल्याच आठवड्यात ठेवावी, आणि मुलांना चप्पल नको, बूट घालून यायला सांगावे.